चेहरा जपून ठेवताना

प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारलेल्या मुलाचे छायाचित्र कसे असते, हे आपल्यापैकी कोणालाही डोळे मिटून सांगता येईल. शुभ्र पोशाख, हातात मेणबत्ती, मनगटाभोवती जपमाळ, नीट विंचरलेले केस आणि चेहऱ्यावर एक अवघडलेले गांभीर्य. फोटोवाल्याने ‘हस’ म्हटलेले असते आणि आईने ‘हसू नकोस’ म्हणून बजावलेले असते, त्यामुळे ते मूल बिचारे दोहोंच्या मध्येच कुठेतरी थांबलेले दिसते. असे एखादे छायाचित्र बहुतेक ख्रिस्ती घरांच्या बैठकीत टांगलेले असते. मूल पुढे मोठे होते, नोकरीला लागते, परदेशी जाते. भिंतीवर मात्र ते आठ-नऊ वर्षांचेच राहते.

आम्ही नागपुरात माणसांची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय करतो. बाप्तिस्म्यापासून अंत्यविधीपर्यंत आपल्या लोकांच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर आमची हजेरी असते. धर्मगुरू एक विधी पार पाडतात आणि आम्ही त्याच वेळी कोपऱ्यात उभे राहून दुसरे काम करीत असतो. त्या कामाविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो आणि छायाचित्रांना तोटा नाही. तरीही घरातले माणूस गेले की त्याचा एक धड फोटो सापडत नाही, हा अनुभव आम्हाला वारंवार येतो. तो का येतो, हेच येथे सांगावयाचे आहे.

नागपूरच्या आपल्या महामंदिराचे आश्रयदाते संत फ्रान्सिस दी सेल्स हे लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते आहेत. पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली तशी घोषणा केली. छायाचित्रकारांच्या वाट्याला परंपरेने संत वेरोनिका आली आहे. क्रुसाच्या वाटेच्या सहाव्या स्थानापाशी आपण तिला दरवर्षी भेटतो. शुभवर्तमानात तिचा उल्लेख नाही. ती परंपरेतून आपल्यापर्यंत पोहोचली. तिने घामाने व रक्ताने माखलेले मुख पुसले आणि त्या वस्त्रावर प्रभूचा चेहरा उमटला, अशी ही कथा आहे. तिच्या नावाचा संबंध ‘खरी प्रतिमा’ या अर्थाच्या शब्दांशी जोडला जातो. आम्हाला या कथेतील एक गोष्ट विशेष वाटते. वेरोनिका चेहरा मिळवण्यासाठी पुढे आलेली नव्हती, ती चेहरा पुसण्यासाठी आली होती. प्रतिमा तिला मागाहून मिळाली. आमच्या धंद्यात मात्र बहुधा उलटे घडते आणि चुका तेथूनच सुरू होतात.

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाला. तेव्हा तबकडीवर प्रतिमा उमटायला कित्येक मिनिटे लागत. पुढे ही वेळ सेकंदांवर आली, तरी माणसाला तोवर निश्चल बसावे लागेच. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. जुन्या छायाचित्रांतील आपले पूर्वज इतके कठोर का दिसतात, असे नातवंडे आम्हाला विचारतात. ते पूर्वज कठोर नव्हते. हसू तितका वेळ टिकत नाही, एवढेच. गंभीर चेहरा तेवढा धरून ठेवता येतो.

कॅमेऱ्याची लोकांना भीतीही वाटे. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके मुळात छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात ते ही विद्या शिकले आणि गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला. पुढे बडोद्यात त्यांनी पुन्हा हा व्यवसाय मांडला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो व त्यामुळे माणूस मरतो, अशी वदंता गावात पसरली आणि धंदा बसला. आज आपण या समजुतीला हसतो. परंतु कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाच्या मनात काही क्षण तरी ‘हे माझ्याकडून काहीतरी काढून घेत आहेत’ अशी भावना असते, हे आम्ही रोज पाहतो. खांदे वर जातात, श्वास थांबतो, हातांचे काय करावे ते कळेनासे होते. ही भीती घालवणे हे आमच्या कामातील निम्मे काम आहे. दिव्यांची मांडणी, भिंगांची निवड हे सारे त्यानंतर.

ती घालवण्याचा मार्ग सोपा आहे, पण त्याला वेळ लागतो. माणसाला बोलते करावे लागते. एकदा एक वयोवृद्ध धर्मभगिनी व्रतबद्ध जीवनाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त छायाचित्रासाठी आल्या होत्या. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या आणि नजर जमिनीवरून उचलेनात. ‘माझा फोटो कशाला? जयंती परमेश्वराच्या कृपेची आहे,’ असे त्यांचे म्हणणे. आम्ही कॅमेरा बाजूला ठेवला आणि त्यांची पहिली नेमणूक कोठे झाली होती, एवढेच विचारले. मग त्या एका खेड्यातल्या दवाखान्याविषयी बोलू लागल्या. रात्री-अपरात्री येणाऱ्या बाळंतिणी, कंदिलाचा उजेड, पावसाळ्यात तुटणारा रस्ता. बोलता बोलता त्यांचे हात हलू लागले, आणि पन्नास वर्षांत शेकडो बाळे झेललेले ते हात आम्हाला प्रथमच दिसले. त्या दिवशीचे सर्वांत चांगले छायाचित्र त्या वाक्याच्या मध्यावर आहेत, तेव्हाचे आहे. त्यात त्या आमच्याकडे पाहत नाहीत. कोणत्या तरी बाळंतिणीकडे पाहत आहेत.

माणसाचे व्यक्तिमत्त्व चेहऱ्यात असते असे म्हणतात. आमच्या अनुभवाप्रमाणे ते बरेचसे हातांत आणि उभे राहण्याच्या ढबीत असते. रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला मखमली खुर्चीत बसवले की तो परका दिसू लागतो. त्याला उभे करावे, मग तो आपोआप फलाटावर उभा राहिल्यासारखा उभा राहतो. शिक्षिकेच्या हातात काही नसले तरी तिची बोटे खडू धरल्यासारखी मिटलेली असतात. हे आम्ही शिकवलेले नसते आणि आम्ही बिघडवू नये एवढीच अपेक्षा असते.

आता थोडे तांत्रिक. हे घरी उपयोगी पडेल, म्हणून सांगतो. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे व कान मागे गेल्यासारखे दिसतात. अनेक आयाबाया ‘माझा फोटो चांगलाच येत नाही’ म्हणून कायमच्या कॅमेऱ्यासमोरून दूर होतात, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. दोष चेहऱ्याचा नाही, अंतराचा आहे. दीड-दोन फुटांवरून पाहिले तर नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक भिंगाला फार मोठा वाटतो. सहा-सात फुटांवरून तो नगण्य ठरतो. स्टुडिओत आम्ही ८५ ते १०० मिलिमीटरचे भिंग वापरतो ते यासाठीच, की मागे उभे राहूनही चेहरा चौकट भरून यावा. मोबाइल असेल तर दोन पावले मागे सरावे व चित्र नंतर कापून घ्यावे.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. आपल्याकडे प्रथम ख्रिस्तप्रसादाचे सोहळे पुष्कळदा उन्हाळ्यात होतात. मिस्सा संपून मुले चर्चच्या पायऱ्यांवर येतात, तोवर नागपूरचे ऊन डोक्यावर आलेले असते. मे महिन्यात आपल्या शहरात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. त्या उन्हात मुलांना ओळीने उभे करून समूहचित्र काढणे हा मुलांवर अन्याय आहे आणि चित्रावरही. वरून पडणाऱ्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळोख दाटतो, कपाळ पांढरे पडते, मुले डोळे किलकिले करतात. त्यापेक्षा ओसरीच्या सावलीत, उघड्या आकाशाकडे तोंड करून उभे करावे. घरी तर खिडकीइतका उत्तम दिवा नाही. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, तिच्यापासून दोन-तीन फुटांवर माणसाला बसवावे, चेहरा किंचित खिडकीकडे वळवावा, घरातले दिवे बंद करावेत. डोळ्यांत खिडकीचा एक लहानसा चौकोन चमकताना दिसेल. तो दिसला की चेहरा जिवंत वाटतो.

चर्चमधील आमच्या वागणुकीविषयीही बोलले पाहिजे, कारण तक्रारी होतात आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या असतात. १९६७ साली रोमहून निघालेल्या ‘युखारिस्टिकुम मिस्तेरियुम’ या सूचनापत्रात छायाचित्रे काढण्यामुळे उपासनेत, विशेषतः मिस्साबलिदानात, व्यत्यय येऊ नये याची मोठी काळजी घ्यावी, योग्य कारण असेल तेथे अत्यंत संयमाने वागावे व स्थानिक बिशपांचे नियम पाळावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा तर मोबाइल स्वप्नातही नव्हता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१७ मधील एका बुधवारच्या भेटीत याच विषयावर खंत व्यक्त केली होती: वेदीवरील धर्मगुरू हृदये उंच करावयास सांगतात, फोटो काढण्यासाठी फोन उंच करावयास सांगत नाहीत. धर्मगुरू आणि बिशपसुद्धा फोन उंचावताना दिसतात, हेही त्यांनी बोलून दाखवले. आमच्यापुरता आम्ही एक नियम केला आहे. ख्रिस्तप्रसादाचे शब्द उच्चारले जात असताना कॅमेरा खाली. मुलाच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवले जाते तो क्षण टिपावा अशी पालकांची फार इच्छा असते. आम्ही एका बाजूने, लांबून, दिव्याचा झोत न टाकता एकच चित्र घेतो. तेही आदल्या दिवशी धर्मगुरूंना विचारून. त्यावरून काही यजमान रुसलेले आहेत, काम दुसरीकडे गेलेलेही आहे.

आणि आता ज्या गोष्टीविषयी आम्हाला सर्वांत अधिक सांगावेसे वाटते, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे चेहरा ‘सुधारणे’.

बाळ येशूची संत तेरेजा हिची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. १८९७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी जिचा मृत्यू झाला त्या कार्मेलाइट भगिनीची इतकी छायाचित्रे कशी काय उपलब्ध आहेत? त्याचे कारण तिची सख्खी बहीण सेलिन. सेलिन १८९४ मध्ये लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली ती स्वतःचा कॅमेरा घेऊन. बंदिस्त मठात कॅमेरा येणे ही त्या काळी केवढी नवलाची गोष्ट! तिने मठातील भगिनींची, कपडे धुतानाची, गवत वाळवतानाची, विसाव्याच्या वेळची चित्रे काढली. तेरेजा आजाराने खंगत चालली होती, तेव्हा ७ जून १८९७ रोजी सेलिनने तिला बाळ येशू व ख्रिस्ताचे पवित्र मुख यांची चित्रे हातात देऊन बसवले आणि लागोपाठ तीन छायाचित्रे घेतली. त्या कॅमेऱ्यासमोर सुमारे नऊ सेकंद स्थिर राहावे लागे. तेरेजाच्या अंगात तेव्हा त्राण उरले नव्हते. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ती वारली.

तिच्या मृत्यूनंतर तिची कीर्ती जगभर पसरली आणि लोक तिचे चित्र मागू लागले. सेलिनला आपण काढलेली छायाचित्रे अपुरी वाटत होती. इतका वेळ स्थिर बसल्याने बहिणीच्या चेहऱ्यावरचे नेहमीचे भाव उडून गेले आहेत, असे तिचे म्हणणे होते. म्हणून तिने ती चित्रे रंगवून, हनुवटी सौम्य करून, डोळे मोठे करून नव्याने तयार केली, स्वतः चित्रेही काढली. अनेक दशके जगाने पाहिली ती हीच गोड, गुलाबी तेरेजा. मूळ छायाचित्रे सेलिनच्या मृत्यूनंतर, १९६१ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लोकांनी प्रथमच पाहिले, की तिचा जबडा रुंद व निश्चयी आहे, नजर थेट आहे, आणि अखेरच्या चित्रांत मृत्यू तिच्या चेहऱ्यावर येऊन बसलेला आहे.

सेलिनला दोष देणे आम्हाला जमत नाही. तिच्या म्हणण्यात तथ्य होते. नऊ सेकंद गोठलेला चेहरा हा खरा चेहरा नव्हेच. आणि ती त्या चेहऱ्यासोबत लहानाची मोठी झाली होती. तिला जे आठवत होते ते काचेवर उमटले नव्हते. तरीही, आज दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर भाविकांचे पाऊल मूळ छायाचित्रापाशी थबकते, असे आम्हाला वाटते. याच सेलिनने पुढे, विसाव्या शतकाच्या आरंभी, तुरीन येथील पवित्र कफनाच्या छायाचित्रांवरून ख्रिस्ताचे पवित्र मुख रंगवले. ती छायाचित्रे सेकोंदो पिया नावाच्या हौशी छायाचित्रकाराने २८ मे १८९८ रोजी घेतली होती. कफनाच्या काळाविषयीचा वाद अजून मिटलेला नाही आणि ख्रिस्तसभेनेही त्याच्या अस्सलपणाविषयी अधिकृत निर्णय दिलेला नाही. परंतु जी स्त्री आपल्या बहिणीच्या छायाचित्रावर विश्वास ठेवू शकली नाही, तिने प्रभूच्या मुखासाठी एका छायाचित्रावर विसंबावे, हा योगायोग आमच्यासारख्या धंदेवाईकाला विचारात पाडतो.

हे सारे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगत आहोत, पण आमच्या हातूनही हेच घडले आहे. काही वर्षांपूर्वी एका नववधूची छायाचित्रे आम्ही केली. तिच्या गळ्यापासून गालापर्यंत कोडाचा एक पांढरा डाग होता. आल्बम तयार करताना आम्ही तो डाग संगणकावर पुसून टाकला. कोणी सांगितले नव्हते. आपण तिच्यावर उपकार करीत आहोत, अशीच आमची समजूत होती. आल्बम न्यायला ती नवऱ्यासोबत आली, पाने उलटू लागली आणि मध्येच थांबली. रागावली नाही. ‘हे कुणाचं लग्न आहे, काका?’ एवढेच तिने विचारले. नवरा म्हणाला, ‘आम्ही दोघं शाळेपासून एकमेकांना ओळखतो. मी हिला अशी कधी पाहिलेलीच नाही.’ आम्ही आल्बम परत घेतला व सगळा पुन्हा छापला. पैशाचे नुकसान झाले, ते विसरायला वेळ लागला नाही. तो प्रश्न मात्र अजून कानात आहे.

तेव्हापासून आम्ही फरक करू लागलो. परीक्षेच्या काळात उगवलेली पुटकुळी आठवड्यात जाणारी असते. ती काढायला हरकत नाही. जे त्या माणसासोबत राहते, म्हणजे व्रण, डाग, सुरकुती, पुढे आलेला दात, त्याला त्याने स्वतः सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. नातेवाइकांनी सांगितले तरी नाही. आईवडील पुष्कळदा मुलीचा रंग उजळ करावयास सांगतात, विशेषतः स्थळांसाठी पाठवायच्या फोटोत. मुलगी समोर बसलेली असते, ऐकत असते. अशा वेळी आम्ही मुलीलाच विचारतो. ती काय उत्तर देते, यापेक्षा तिला कोणीतरी विचारले, हे तिच्या चेहऱ्यावर उमटते आणि फोटो तेवढ्यानेच चांगला येतो.

राहता राहिली आजी. लेखाच्या आरंभी ज्या अनुभवाचा उल्लेख केला तो हा. अंत्यविधी झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचे लोक येतात. महिन्याच्या मिस्सासाठी स्मृतिपत्रिका छापायची असते, कबरीच्या शिळेवर फोटो बसवायचा असतो. फोटो मागितला की मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. आजोबांचा फोटो असतो, कारण निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी तो काढावाच लागला होता. आजीचा नसतो. ती प्रत्येक सोहळ्यात होती; पण स्वयंपाकघरात होती, किंवा बाळाला धरून उभी होती, किंवा समूहचित्रात शेवटच्या रांगेत कोणाच्या तरी खांद्याआड होती. एका कुटुंबाने असेच एक चित्र आणले होते. नातवाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस, मधोमध नातू, आणि मागे मसुरीच्या दाण्याएवढा आजीचा चेहरा, तोही अर्धा पदराने झाकलेला. आम्ही तो मोठा केला. दाणे फुटले. उरलेला अर्धा चेहरा आम्ही अंदाजाने भरला, डोळ्यावरून डोळा, गालावरून गाल. पत्रिका छापून झाली. मुलीने ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, ‘छान केलंय तुम्ही. पण ही आई नाही.’

आता कोणतेही कुटुंब बाप्तिस्म्याच्या, ख्रिस्तप्रसादाच्या वा लग्नाच्या फोटोसाठी आले, की ठरलेली चित्रे झाल्यावर आम्ही घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला एकटीला बसवतो. त्याचे पैसे घेत नाही. आजी नको म्हणतात, तोंडाला पदर लावतात, ‘आता कसला फोटो, आता मातीत जायचं’ असे म्हणतात. काही आजोबा मात्र उलट, स्वतःहून सांगतात, ‘मयताच्या वेळी लागेल तो एक काढून ठेवा,’ आणि कोटाचे बटण लावतात. त्यात दुःख नसते. आपल्या माणसांना मरणाची तयारी करणे माहीत आहे. प्रत्येक ‘नमो मरिये’त आपण मरणाच्या वेळेचा उल्लेख करतोच.

वाचकांनी हे घरीच करावे. त्यासाठी आमच्याकडे येण्याची गरज नाही. सणाच्या दिवशी नव्हे, एरवीच्या एखाद्या सकाळी, आजीला खिडकीपाशी तिच्या नेहमीच्या साडीत बसवा. चष्मा नेहमी घालत असेल तर काढू नका. तिला तिच्या आईविषयी विचारा आणि ती बोलू लागली की चित्र घ्या. मग ते मोबाइलमध्ये न ठेवता छापून घ्या. फोन हरवतात, बिघडतात, पासवर्ड माणसाबरोबर जातात; कागद कपाटात राहतो. चिकट पानांचे जुने आल्बम वापरू नयेत, त्यांतील गोंदाने छायाचित्रे पिवळी पडतात व निघता निघत नाहीत. रंगीत फोटो उन्हाच्या भिंतीवर लावला तर काही वर्षांत फिकट होतो. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत चांदीचे कण असतात, ती नीट धुतलेली असतील तर शंभर वर्षे टिकतात. नागपूरची कोरडी हवा आठ महिने आपल्याला साथ देते. पावसाळ्यात मात्र बुरशी धरते, तेव्हा कपाट अधूनमधून उघडे ठेवावे.

आणि छायाचित्राच्या पाठीमागे, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव लिहावे. सोबत तारीख, प्रसंग आणि धर्मग्रामाचे नाव. आज सर्वांना सारे ठाऊक असते, म्हणून कोणी लिहीत नाही. मागे एक गृहस्थ आपल्या वडिलांच्या पेटीतील एक समूहचित्र आमच्याकडे नव्याने छापायला घेऊन आले. दृढीकरणाचा दिवस असावा. मुले तीन रांगांत, मध्ये बिशप. पाठीमागे कोणीतरी सुवाच्य अक्षरांत सगळ्यांची नावे ओळीने लिहिली होती. फक्त एका ठिकाणी लिहिले होते: ‘दुसरी रांग, डावीकडून तिसरी. मावशीला विचारणे.’